रोमान्सच तर आहे, म्हणून शेवट कसाही चालेल?

गेले काही दिवस आमच्याकडे जळगावात पुस्तकं वाचणाऱ्या लोकांमधे एका फँटसी रोमान्स कादंबरीवरून वाद पेटलाय आणि तो इतक्या चुकीच्या पद्धतीने चाललाय की गप्प बसवत नाही. एका बाजूला वयाने मोठी, भरपूर वाचलेली मंडळी आहेत, त्यांचं म्हणणं "असल्या पुस्तकाकडून अपेक्षाच काय करायची, जादू, चुंबनं आणि शेवटी लग्न, शेवट फसला तर फसला". दुसऱ्या बाजूला कॉलेजातल्या मुली आणि काही मुलंही, त्यांचं म्हणणं "आम्हाला वाचताना मजा आली ना, मग शेवटावर एवढा कीस कशाला पाडता, रोमान्सच तर आहे". दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण नीट ऐकलं तर दोघं एकच गोष्ट बोलतायत, की या प्रकारच्या पुस्तकात शेवटाला फारशी किंमत नसते. मला नेमकं हेच मान्य नाही. माझं म्हणणं असंय की घाईचा शेवट इतर कुठल्याही कादंबरीपेक्षा फँटसी रोमान्समधे जास्त महागात पडतो, कारण तिथे लेखकाने पहिल्या पानापासून जे मांडलं ते खरं होतं की नुसती सजावट होती हे शेवटातच कळतं. आणि ज्यांचं या प्रकारावर मनापासून प्रेम आहे त्यांनीच याबद्दल सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने बोललं पाहिजे.

कादंबरीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण माझं भांडण एका लेखिकेशी नाही, आणि हा दोष तिच्या एकटीचा तर अजिबात नाही. पण कल्पना सांगतो, कारण ती खरंच फार सुंदर आहे. एक नदी आहे आणि ती पार करायची तर एक मोल द्यावं लागतं, माणूस पलीकडे उतरला की त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाची आठवण नदी ठेवून घेते. नाव चालवणाऱ्या मुलीला हा नियम लागू नाही, तिला सगळं आठवतं. एक नकाशे काढणारा तरुण येतो, पहिल्या खेपेला त्याची आई नदीत जाते, म्हणजे आईची आठवण. मग तो परत परत येत राहतो, नावाडिणीच्या प्रेमात पडतो, आणि आता त्याच्या सगळ्यात जवळचं माणूस तीच, म्हणजे प्रत्येक खेपेला तो तिलाच विसरणार. तिच्यासाठी ते वर्षानुवर्षांचं प्रेम आहे, त्याच्यासाठी दर वेळी पहिली भेट. एवढ्या एका नियमातून किती काय काय निघू शकतं बघा. ज्याला काही आठवत नाही त्याच्यावर, सगळं माहीत असूनही न सांगता प्रेम करत राहणं हे प्रेम आहे की फसवणूक? तो दर वेळी नव्याने तिच्याच प्रेमात पडतो तर ते नशीब म्हणायचं, की तिला आता त्याला कसं जिंकायचं हे पाठ झालंय म्हणून?

आणि लेखिकेला हे सगळं कळतंय याचा पुरावा पुस्तकातच आहे. मधे कुठेतरी एक छोटा प्रसंग आहे, तो नावेत चढायच्या आधी ती पुढच्या टोकाच्या फळीवर एक कोरडं कांबळं टाकते. तो नेमका तिथेच जाऊन बसतो, जिथे पाणी उडतं, आणि कांबळं बघून विचारतो की तुला कसं कळलं मी इथेच बसणार. ती वल्ह्यावरची नजर न हलवता म्हणते, सगळेच इथे बसतात. बस्स, एवढंच. त्या एका वाक्यात तिचं प्रेमही आहे आणि तिचं खोटंही, आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी दिसतं. असा प्रसंग ज्या लेखिकेला जमतो तिच्या पुस्तकाला "असलं पुस्तक" म्हणून हात झटकणं म्हणजे न वाचता मत देणं आहे.

मग शेवटच्या चाळीसेक पानांत काय होतं? अचानक एक राणी येते जिचा आधी उल्लेख सुद्धा धड नाही, तिचं सैन्य येतं, नदी हीच तिच्या शक्तीचं मूळ आहे असं कळतं, कोणीतरी तिसरंच पात्र जीव देतं, नदी आटते, एक चुंबन, सगळ्या आठवणी परत. पुढचं प्रकरण "पाच वर्षांनंतर", अंगणात एक लहान मुलगी खेळतेय. झालं, संपलं. तिने त्याला कधी सांगितलं की मी तुला इतक्या वेळा भेटलेय? सगळं आठवल्यावर त्याला राग आला का, लाज वाटली का, भीती वाटली का? त्या कांबळ्याचं काय झालं? आईची आठवण परत आली तेव्हा तो आईकडे गेला का? एकाही प्रश्नाला उत्तर नाही. ओळखीतली एक मुलगी ही गोष्ट घरी आजीला सांगत होती, आजी शेंगा फोडत ऐकत होती, पुस्तकाशी तिचा काही संबंध नाही, पण चुंबनापाशी गोष्ट संपली तेव्हा आजीने हात थांबवून एकच विचारलं, "मंग तिनी त्याले सांगं का नई?" आमच्या सगळ्या वादात एवढा नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेऊ, आणि त्यातले काही खरंच वजनदार आहेत. पहिला मुद्दा, रोमान्समधे शेवट गोड होणार हे आधीच ठरलेलं असतं, वाचक तो करार करूनच पुस्तक उघडतो, त्यामुळे शेवटात काय नवीन असणार, मजा वाटेतली. करार मला शंभर टक्के मान्य आहे. गोड शेवटाला मी नावं ठेवत नाहीये, दोघांना मारून टाकलं म्हणजे पुस्तक गंभीर झालं असं मानणारा मी नाही. पण शेवट माहीत असणं आणि शेवट बिनमहत्त्वाचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. सावित्रीचा नवरा परत येतो हे आपल्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं, दर वटपौर्णिमेला तीच गोष्ट, तरी ती हजारो वर्षं टिकली, का? कारण तो कसा परत येतो ते ऐकण्यासारखं आहे.

ती गोष्ट जरा जवळून बघा, कारण आपल्याकडची ती सगळ्यात चोख फँटसी रोमान्स आहे. नियम स्वतः यमाने घातलाय, सत्यवानाचा जीव सोडून काहीही माग. सावित्री नियम मोडत नाही, रडून यमाला पाघळवतही नाही. ती त्याच्या मागे चालत राहते, शहाणपणाचं बोलत राहते, आणि एकेक वर घेते. सासऱ्याचे डोळे, मग त्याचं गेलेलं राज्य, मग आपल्या बापाला शंभर मुलगे, मग स्वतःला सत्यवानापासून शंभर मुलगे. आणि पुढचा वर देताना यम ती जीव सोडून वाली अट घालत नाही, तिथे ती म्हणते आता सत्यवान दे, नाहीतर तू दिलेलाच वर खोटा पडेल. यमाचा नियम यमाच्याच शब्दाने उलटतो. म्हणजे शेवट गोड आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी तो कमावलेला आहे, कारण जादूचा जो नियम आडवा आला होता त्याच नियमातून वाट काढलीये. आता हीच गोष्ट अशी असती की सावित्री यमाच्या मागे निघाली आणि तेवढ्यात कुठूनतरी दुसरा देव आला, त्याने यमाला हरवलं आणि सत्यवान उठून बसला, तर वटपौर्णिमा आज कोणी केली असती का? नदीवाल्या कादंबरीत झालंय ते हेच.

साध्या रोमान्समधे दोघांच्या मधे येतं ते घर, जात, पैसा, नाहीतर स्वतःचा स्वभाव. फँटसी रोमान्समधे मधे येतो तो जादूचा नियम. म्हणून तो नियम जपणं हे लेखकाचं दुहेरी कर्ज असतं, जगाचंही आणि प्रेमाचंही. नियम फुकटात मोडला की नुसतं ते काल्पनिक जग ढासळत नाही, त्या दोघांनी जे सोसलं तेही खोटं पडतं, कारण मग वाटतं की हे एवढं सोपं होतं तर पहिल्याच खेपेला चुंबन घ्यायचं होतं की. साध्या प्रेमकथेत शेवट घाईत गुंडाळला तर निदान मधली माणसं खरी राहतात. इथे मधलंही मागे जाऊन बिघडतं. म्हणून "मधलं भारी आहे ना, शेवट सोडा" हे म्हणणं मला पटत नाही, मधलं भारी होतं ते शेवटाच्या भरवशावर भारी होतं.

दुसरा मुद्दा आमच्यातल्या एका जुन्या शिक्षकांनी काढला आणि तो मला सगळ्यात कठीण वाटला. ते म्हणाले, आपल्या परंपरेत शेवट झटपटच असतो, श्रावणातल्या कहाण्या घे, साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण, कोण म्हणतं की लांब शेवटच चांगला? मुद्दा बिनतोड वाटतो. पण सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजाला देवाचा गाभारा दुधाने भरायचाय, गावातलं सगळं दूध आणवतो, गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरातली मुलंबाळं, वासरं जेवूखाऊ घालून, सगळ्यांना तृप्त करून मग उरलेलं खुलभर दूध घेऊन येते, ओतते, गाभारा भरून जातो. शेवट एका ओळीचा आहे, आणि तरी ऐकताना काही राहिल्यासारखं वाटत नाही, कारण त्या ओळीची सगळी तयारी आधीच झालीये. वासरं उपाशी राहिली, लेकरं उपाशी राहिली, ते तळतळाट आपण ऐकलेत, म्हातारीने काय वेगळं केलं ते पाहिलंय. आखूड शेवट आणि घाईचा शेवट यांत फरक आहे तो इथे. आखूड शेवटात आधी पेरलेलंच उगवतं, घाईच्या शेवटात ऐनवेळी बाहेरून आणून लावतात. नदीवाल्या कादंबरीत चाळीस पानांऐवजी चार पानांत शेवट असता आणि त्या चार पानांत ती फक्त त्याला खरं सांगते आणि नाव परत फिरवते एवढंच असतं, तर मी हा लेख लिहिलाच नसता.

पण सगळ्यात मोठं उदाहरण कालिदासाचं, आणि ते मी जरा सविस्तर घेणार आहे, कारण विषय अगदी तोच आहे, विसरलेला प्रियकर आणि परत आलेली आठवण. महाभारतातली शकुंतलेची गोष्ट आहे तिच्यात शाप नाही, अंगठी नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, दुष्यंत ओळखत असूनही नाकारतो, ती त्याला भर दरबारात असं काही सुनावते की आजही वाचताना अंगावर काटा येतो, ती निघते आणि मग आकाशवाणी होते की हा तुझाच मुलगा आहे, राजा स्वीकारतो, वर म्हणतो मला माहीतच होतं, पण लोकांनी संशय घेऊ नये म्हणून थांबलो. शकुंतलेचं ते बोलणं थोर आहे याबद्दल वाद नाही. पण तिने जे विचारलं त्याचं उत्तर राजाला द्यावंच लागत नाही, आकाशवाणी त्याला सोडवते. बाहेरून आवाज आला आणि प्रकरण मिटलं.

कालिदासाने शाकुंतल नाटकासाठी हीच गोष्ट घेतली आणि काय केलं बघा. दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, म्हणजे फँटसी वाढवली. पाचव्या अंकात नकार. सहाव्या अंकात कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते आणि राजाला सगळं आठवतं. आजचा घाईतला लेखक इथेच थांबला असता, आठवण परत आली ना, मग पळत जा, मिठी मार, पडदा. कालिदास थांबत नाही. तो आख्खा अंक राजाला त्या आठवणीसोबत एकटं ठेवतो. राजा वसंतोत्सव बंद करतो, शकुंतलेचं चित्र काढत बसतो, चित्रातला भुंगा तिच्या तोंडावर येतोय म्हणून त्या भुंग्यालाच दटावतो, आणि विदूषकाला सांगावं लागतं की महाराज हे चित्र आहे. मग समुद्रात बुडून मेलेल्या एका निपुत्रिक व्यापाऱ्याचं प्रकरण येतं, त्याची संपत्ती कायद्याने राजाची, आणि ते कागद ऐकताना राजाला स्वतःचं निपुत्रिक असणं आणि आपण गरोदर बायकोला हाकललं हे एकदम समोर दिसतं. आठवण परत येणं हे इथे बक्षीस नाहीये, ती शिक्षा आहे, आणि ती शिक्षा पुरती भोगल्याशिवाय सातवा अंक उघडत नाही.

आणि सातव्या अंकात भेट झाल्यावर सुद्धा, राजा तिच्या पायावर डोकं ठेवतो, ती माफ करते, सगळं सुखाचं होतं, तरी एक छोटी गोष्ट आहे जी मला फार मोठी वाटते. राजा ती अंगठी परत तिच्या बोटात घालायला बघतो, आणि शकुंतला म्हणते, माझा हिच्यावर विश्वास नाही, तुम्हीच ठेवा. बघा म्हणजे, सगळा गोड शेवट आहे, नवरा मिळाला, मुलगा मिळाला, राज्य मिळालं, आणि त्या गोडव्याच्या आत लेखकाने एक खरं दुखणं जपून ठेवलंय. त्या अंगठीने, म्हणजे त्या जादूने, तिला एकदा दगा दिलाय आणि ते ती विसरलेली नाही. नदीवाल्या कादंबरीतल्या नावाडिणीला पाच वर्षांनंतर त्या आटलेल्या पात्राकडे बघून काय वाटतं? तिला कधी रात्री भीती वाटते का की सकाळी उठल्यावर याने मला ओळखलं नाही तर? मला हे वाचायचं होतं. त्यासाठी शेवट दुःखी करायची काही गरज नव्हती, शाकुंतल काय दुःखी नाटक आहे का?

तिसरा मुद्दा कष्टाचा आहे. मुली सांगतात की आजकाल लेखकांना मालिकेचे भाग ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, एक पुस्तक चाललं की दुसरं लगेच पाहिजे, सोशल मीडियावर चर्चा थंड व्हायच्या आत, अशात शेवटावर वेळ कुठून आणायचा. हे मी मान्य करतो आणि दोषाचा मोठा वाटा त्या घाई करायला लावणाऱ्या धंद्याकडे जातो हेही मान्य करतो. पण दबाव आजच आला असं नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली करमणूक हे साप्ताहिक सुरू केलं आणि पण लक्षात कोण घेतो त्यातूनच हप्त्याहप्त्याने लिहिली, अंक वेळेवर काढायचा, मजकूर द्यायचा, सगळं त्यांच्याच डोक्यावर. त्या कादंबरीत यमूचं पुढे काय होणार याचा अंदाज वाचकाला फार आधी येतो, आणि तरी हरिभाऊ तिचे हाल एका प्रकरणात उरकत नाहीत, नवरा गेल्यानंतरचं तिचं सगळं तिच्याच तोंडून शेवटपर्यंत ऐकवतात. आणि जिथे जमलं नाही तिथे त्यांच्या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, कर्मयोग अपुरीच आहे. अपुऱ्या कादंबरीची हळहळ वाटते, पण ती वाचकाशी खोटं तरी बोलत नाही. उरकलेला शेवट मात्र सांगतो की सगळं पूर्ण झालं, आणि ते खरं नसतं.

धंद्याच्या बाबतीत अजून एक उदाहरण घरोघरी माहीत आहे. गेम ऑफ थ्रोन्स या इंग्रजी फँटसी मालिकेचे पहिले सहा सीझन दहा दहा भागांचे, सातवा सात भागांचा, आणि 2019 साली आठवा, म्हणजे जिथे सगळे हिशोब मिटायचे होते तो, फक्त सहा भागांचा. त्या सीझनवर चिडून 10 लाखांहून जास्त लोकांनी तो नव्याने बनवा म्हणून ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. अर्जाने काही होत नसतं हे सोडा. पण ज्यांना वाटतं की फँटसीच्या चाहत्याला शेवटाशी देणंघेणं नसतं त्यांनी याचं काय उत्तर द्यायचं? लोकांना ड्रॅगन बघायला मिळाले, युद्ध मिळालं, खर्च डोळे दिपतील एवढा केलेला, आणि तरी लोक चिडले ते एका बाईच्या मनात एवढा मोठा बदल कधी आणि कसा झाला हे दाखवायला वेळच दिला नाही म्हणून. माणसं जादूसाठी येतात आणि माणसांसाठी थांबतात, हे चाहत्यांना चांगलं कळतं.

आता चौथा मुद्दा, जो खरं तर मुद्दा नाहीये, ती एक जखम आहे, आणि मोठ्यांच्या बाजूने तिच्याकडे कोणी बघितलंच नाही. या मुली एवढ्या हट्टाने पुस्तकाची बाजू घेतात कारण त्यांना माहीत आहे की टीका पुस्तकावर नाहीये, त्यांच्यावर आहे. मुली जे आवडीने वाचतात त्याला हसायचं ही सवय फार जुनी आहे. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बाया निंबाच्या फांदीला झोके बांधून गौराईची गाणी म्हणत आल्या, त्यात सासर आहे, माहेर आहे, देव आहेत, विरह आहे, ते सगळं वाङ्मय पिढ्यानपिढ्या "बायकांची गाणी" म्हणून बाजूला ठेवलं गेलं. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी छापून आली ती त्या गेल्यानंतर, 1952 साली. त्यामुळे कोणी "असली पुस्तकं" म्हटलं की मुलींचा पारा चढतो तो बरोबरच आहे आणि त्या जागी मी त्यांच्याच बाजूने उभा आहे.

पण याच कारणासाठी मला त्यांचं "रोमान्सच तर आहे" हे वाक्य सहन होत नाही. ते वाक्य मूळचं हसणाऱ्यांचं आहे! तुम्ही ते ढाल म्हणून वापरताय, पण ते वाक्य म्हणतं की या पुस्तकाला पूर्ण मापाने मोजू नका, ते त्या लायकीचं नाही. जे पुस्तक रात्री दोन वाजेपर्यंत जागून वाचलं, ज्याच्यासाठी मैत्रिणीशी भांडलात, त्याच्याबद्दल असं बोलायचं? खापरावरच्या मांड्याला कोणी "पुरणपोळीच तर आहे" म्हणून कच्चा उतरवत नाही, उलट जिला मांडे आवडतात तीच सगळ्यात आधी सांगते की बाई, हा शिजला नाही. आवडीच्या गोष्टीत खोट काढायचा हक्क आवडणाऱ्यांचाच असतो, तो हसणाऱ्यांच्या हातात का द्यायचा?

आणि मोठ्यांना एक आठवण करून द्यायची आहे. मराठी कादंबरीची सुरुवात कुठून झाली? यमुनापर्यटन 1857 चं, ते विधवांच्या स्थितीवरचं, ठीक आहे. पण त्याच्या पाठोपाठ 1861 ला हळब्यांची मुक्तामाला आली, 1868 ला रिसबुडांची मंजुघोषा आली, आणि पुढची कितीतरी वर्षं लोक वाचत होते ती हीच अद्भुतरम्य पुस्तकं, ताटातूट झालेले प्रेमी, संकटं, चमत्कार, योगायोग आणि शेवटी सगळ्यांची भेट, सज्जनांना सुख दुष्टांना शिक्षा. पुढे या कादंबऱ्यांना नावं ठेवली गेली आणि बरीचशी योग्यच होती. पण मला वाटतं आपण त्यातून धडा चुकीचा घेतला. दोष होता तो योगायोगाने उरकलेल्या शेवटांचा, आणि आपण दोषी ठरवलं ते अद्भुताला. त्यामुळे गंभीर कादंबरी म्हणजे वास्तववादी कादंबरी हे समीकरण पक्कं झालं आणि जादू, राक्षस, नदीचे शाप हे सगळं बहुतेक लहान मुलांच्या कप्प्यात गेलं. आज आपल्या मुली इंग्रजीतल्या फँटसी रोमान्सकडे पळतात तर त्याचं एक कारण हेही आहे की मराठीत त्यांच्या वयासाठी ते शेल्फच रिकामं आहे. 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन झालं तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांवर मुली विचारत फिरत होत्या की मराठीत असं काही आहे का, आणि विक्रेत्यांना पटकन काही काढून दाखवता येत नव्हतं.

ज्या धुळ्यात वि. का. राजवाड्यांनी शेवटचे दिवस काढले, 1926 साली तिथेच गेले, आणि जिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, त्या राजवाड्यांसारख्या इतिहासाच्या कागदांत बुडालेल्या माणसाला सुद्धा कादंबरी या विषयावर मोठा निबंध लिहावासा वाटला होता. म्हणजे कादंबरीची नीट, सविस्तर, भीडभाड न ठेवता चिकित्सा करणं हे आपल्याकडे कमीपणाचं कधीच नव्हतं. मग फँटसी रोमान्सची तेवढीच कडक चिकित्सा केली तर तिचा अपमान कसा होतो? अपमान होतो तो सूट दिल्याने.

शेवटचा एक मुद्दा राहिला, जो मुलींनी फार आशेने मांडलाय, की दुसरा भाग येणार आहे, राहिलेलं सगळं त्यात येईल. येईलही. मी तो भाग विकत घेऊन वाचणार आहे, कांबळ्याचा तो प्रसंग लिहिणाऱ्या बाईकडून मला अजूनही अपेक्षा आहेत. पण दुसऱ्या भागासाठी प्रश्न उघडा ठेवायचा असतो, आणि इथे तर प्रश्न मिटवून टाकलेत. ती त्याला सांगेल की नाही हे लटकत ठेवून पहिला भाग संपला असता, नाव नदीच्या मधोमध असताना संपला असता, तरी मी तक्रार केली नसती, वर्षभर वाट बघितली असती. नदी आटवून, आठवणी परत देऊन, पाच वर्षं पुढे उडी मारून, अंगणात मुलगी खेळवून झाल्यावर दुसऱ्या भागात राहिलं काय? नवीन राणी आणावी लागेल, नवीन शाप आणावा लागेल, आणि जो मूळ शाप एवढा सुरेख होता तो वाया गेलेलाच राहील.

आमच्यातल्या दोन तीन मुली स्वतः लिहितात, एकीची गोष्ट तापीच्या काठावर घडते, सातपुड्यातली एक वाट आहे जी फक्त अमावस्येला दिसते, आणि संवाद अर्धे अहिराणीत आहेत, मी सुरुवातीची प्रकरणं वाचलीत आणि कल्पना फार दमदार आहे. तिने परवा विचारलं की शेवट कसा करू. मी तिला एवढंच विचारलं की त्या वाटेचा नियम तू काय ठेवलायस, आणि तो पाळताना तुझ्या दोघांपैकी कोणाचं काय जातं, ते आधी लिहून काढ, राणी आणि सैन्य मग बघू. आणि वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना माझी मागणी अशी आहे की पुढच्या बैठकीला कोणी पूर्ण पुस्तकावर बोलायचं नाही, या कादंबरीची शेवटची चार प्रकरणं आणि शाकुंतलाचा सहावा आणि सातवा अंक, दोन्ही मराठीतून, मोठ्याने वाचायचे, मुलींनी शाकुंतल वाचायचं आणि मोठ्यांनी ती चार प्रकरणं, आणि मग ज्याला अजूनही म्हणायचंय की रोमान्सच तर आहे त्याने ते सगळ्यांसमोर उठून कारणासकट म्हणायचं.